सोपवलेली वाट, स्वतःचा श्वास : खुंबूतील मार्गदर्शित मोहिमांच्या अभ्यासाची प्रस्तावना

उंच पर्वतांतील मार्गदर्शित मोहीम म्हणजे अशी मोहीम, की जिच्यात वाटेची निवड, मुक्कामांची आखणी, ओझ्याची वाहतूक, दोर बांधण्याचे काम आणि हवामानाचा अदमास या गोष्टी मोबदला घेऊन काम करणाऱ्या जाणकारांकडे सोपवलेल्या असतात आणि आरोहक त्यांच्या सल्ल्याने चालतो, थांबतो, चढतो व परततो. वरवर पाहता ही साधी व्यावसायिक देवघेव वाटते. एका पक्षाकडे पैसा आणि हौस असते, दुसऱ्याकडे पर्वताचे ज्ञान आणि कष्टाची तयारी. परंतु या देवघेवीला उंचीच एक मर्यादा घालून देते. तंबू, शिधा, दोर आणि ओझे दुसऱ्याच्या हवाली करता येते. विरळ हवेत घ्यावा लागणारा श्वास, त्या हवेला सरावण्यासाठी लागणारे दिवस आणि आपल्याला काय होते आहे हे वेळेवर व खरेपणाने सांगण्याची जबाबदारी मात्र कोणाकडेही सोपवता येत नाही. मार्गदर्शित मोहिमेचे यश, तिच्यातील अपघात, तिचे अर्थकारण आणि तिची नीती यांचा उलगडा या दोहोंमधील सीमारेषा ओळखल्याशिवाय होत नाही, आणि ती रेषा कोठून जाते हे समजून घेणे हाच प्रस्तुत ग्रंथाचा हेतू आहे.

या विवेचनासाठी पूर्व नेपाळमधील सोलुखुंबू जिल्ह्याचा उत्तर भाग, म्हणजे खुंबू, हा प्रदेश निवडला आहे, आणि त्यातही एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंतची पायवाट व तिला जोडून केली जाणारी इम्जा त्से या शिखराची चढाई हे उदाहरण मध्यभागी ठेवले आहे. इम्जा त्सेची उंची वेगवेगळ्या मोजण्यांनुसार ६,१६० ते ६,१८९ मीटर सांगितली जाते. दिंगबोचे गावाच्या बाजूने पाहिले असता बर्फाच्या समुद्रात एखादे बेट उभे असावे तसे हे शिखर दिसते, म्हणून ब्रिटिश गिर्यारोहकांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याला ‘आयलंड पीक’ म्हटले. पुढे १९८३ मध्ये त्याचे इम्जा त्से असे नामकरण झाले, तरी आरोहकांच्या बोलण्यात जुने नावच अधिक रुळलेले आहे. १९५३ च्या ज्या ब्रिटिश मोहिमेने एव्हरेस्ट सर केले, तिच्याच काही सदस्यांनी विरळ हवेचा सराव म्हणून त्याआधी या शिखराच्या नैर्ऋत्य टोकापर्यंत चढाई केली होती, आणि १९५६ मध्ये स्विस मोहिमेच्या पथकाने त्याचे मुख्य टोक गाठले. एकेकाळी मोठ्या चढाईची रंगीत तालीम म्हणून वापरलेले हे शिखर आज हजारो हौशी आरोहकांच्या आयुष्यातील पहिले सहा हजारी शिखर ठरते, आणि पायी भटकंती जेथे संपते व दोरावरची चढाई जेथे सुरू होते तो सांधा या एकाच प्रवासात स्पष्ट दिसतो.

येथे दोन शब्दांचा अर्थ आधी निश्चित करणे आवश्यक आहे. ‘ट्रेक’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतवाल्यांच्या भाषेतून इंग्रजीत आला आणि मुळात बैलगाड्यांच्या तांड्याने केलेला लांब, खडतर प्रवास असा त्याचा अर्थ होता. हिमालयाच्या संदर्भात मात्र तो वाटेवरच्या गावांत किंवा तंबूंत मुक्काम करत अनेक दिवस पायी केलेल्या प्रवासाला लावला जातो, ज्यात हातांचा, दोराचा किंवा बर्फावरच्या साधनांचा उपयोग करावा लागत नाही. गिर्यारोहण म्हणजे या साधनांच्या आधारे केलेली चढाई. या दोहोंच्या मध्ये ‘ट्रेकिंग पीक’ हा एक प्रशासकीय शब्द येतो. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या नेपाळ गिर्यारोहण संघटनेकडे १९७८ मध्ये तुलनेने कमी उंचीची १८ शिखरे सोपवण्यात आली आणि मोठ्या मोहिमांना लागणाऱ्या दीर्घ सोपस्कारांऐवजी साध्या परवान्यावर ती खुली झाली; इम्जा त्से, लोबुचे पूर्व आणि ६,४७६ मीटर उंचीचे मेरा ही त्यांतील प्रसिद्ध नावे. म्हणजे ‘ट्रेकिंग पीक’ हे विशेषण परवान्याच्या प्रकाराविषयी बोलते, चढाईच्या अवघडपणाविषयी नव्हे. हा फरक न उमजल्याने पायी चालण्याची सवय एवढ्याच भांडवलावर बर्फाच्या भिंतीखाली येऊन पोहोचलेले आरोहक दर हंगामात दिसतात, आणि त्यांच्या अडचणींचे मूळ पर्वतापेक्षा त्या एका शब्दाच्या चुकीच्या वाचनात असते.

पर्वतावर वाट दाखवण्याचा व्यवसाय प्रथम आल्प्स पर्वतात आकाराला आला. १७८६ मध्ये माँ ब्लाँ हे शिखर मिशेल पाकार हे वैद्य आणि जाक बाल्मा हे स्फटिक शोधणारे शिकारी या दोघांनी सर केले, तेव्हा शिक्षित हौस आणि स्थानिक अनुभव यांची ती जोडी पुढच्या दोन शतकांचा नमुनाच ठरली. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या पथकावर त्याच पर्वतात हिमस्खलन कोसळले आणि तीन मार्गदर्शक मरण पावले. त्यानंतर १८२१ मध्ये शामोनी गावात मार्गदर्शकांची संघटना उभी राहिली, जी आजही काम करते. या व्यवसायाला शिस्त, पाळीपाळीने काम मिळण्याची व्यवस्था आणि मृतांच्या कुटुंबीयांना आधार देण्याची रीत लाभली ती अशा मृत्यूंच्या अनुभवातून, हे येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. १८६५ मध्ये मॅटरहॉर्नच्या पहिल्या आरोहणानंतर उतरताना चौघे कोसळले, त्यांत मिशेल क्रो हा नामांकित मार्गदर्शकही होता. एका दोराला बांधलेल्या माणसांपैकी सर्वांत कच्च्या माणसाचे पाऊल सर्वांचे भवितव्य ठरवते, हे त्या घटनेने युरोपला शिकवले.

हिमालयात हा व्यवसाय तसाच उचलून आणण्याचा प्रयत्न प्रारंभी झाला. १८८३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम हे गिर्यारोहक स्विस मार्गदर्शक घेऊन भारतात आले. १८९५ मध्ये नंगा पर्वतावर ममरी या गिर्यारोहकाबरोबर रघुबीर थापा आणि गोमन सिंग हे दोन गुरखा सैनिक नाहीसे झाले. १९०७ मध्ये गढवालातील ७,१२० मीटर उंचीच्या त्रिशूल शिखरावर लाँगस्टाफ हे गिर्यारोहक पोहोचले तेव्हा त्यांच्याबरोबर आल्प्समधील ब्रोशरेल बंधू आणि करबीर हा गुरखा सैनिक होता. याच काळात अलेक्झांडर केलस या रसायनशास्त्रज्ञाने सिक्कीमच्या पर्वतांत शेर्पा सोबत्यांवर भरवसा ठेवून चढाया केल्या आणि उंचीवर काम करण्याची त्यांची क्षमता जगासमोर आणली. तिची किंमतही लवकरच मोजावी लागली. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला झालेल्या हिमस्खलनात सात भारवाहक मरण पावले, आणि एव्हरेस्टवरील नोंदलेल्या मृत्यूंच्या इतिहासात हिमस्खलनाचे पहिले बळी हे शिखराची आस नसलेले, मजुरीसाठी वर चढलेले लोक ठरले.

‘शेर्पा’ हा शब्द आज दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यांची गल्लत होऊ देणे हा अभ्यासातला दोष ठरतो. तिबेटी भाषेत ‘शर’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे तेथील माणूस. सुमारे पाच शतकांपूर्वी पूर्व तिबेटातून हिमालय ओलांडून आलेल्या व खुंबूच्या खोऱ्यांत वसलेल्या एका बौद्ध समाजाचे हे नाव आहे. गिर्यारोहणात मात्र उंचीवर काम करणारा कोणताही नेपाळी सोबती या अर्थाने तो रूढ झाला आहे, मग तो माणूस राई, तामांग, गुरुंग किंवा मगर समाजाचा का असेना. मूळ शेर्पा समाज बटाटा व बार्लीची शेती, याकपालन आणि साडेपाच हजार मीटरहून उंच असलेल्या नांगपा ला या खिंडीतून चालणारा तिबेटशी व्यापार यांवर जगत होता. खालून धान्य वर जाई, वरून मीठ व लोकर खाली येई. १९५९ नंतर तिबेटमधील घडामोडींमुळे हा व्यापार खुंटला, आणि जवळजवळ त्याच सुमारास परदेशी पाहुण्यांसाठी नेपाळचे दरवाजे उघडलेले होते. एक उपजीविका मिटत असताना दुसरी समोर आली, या योगायोगाने खुंबूचा पुढचा इतिहास घडवला.

त्यापूर्वी हा समाज पर्वतकामासाठी दार्जिलिंगला जात असे, कारण १९५० पर्यंत नेपाळ परदेशी लोकांना बंद होता आणि एव्हरेस्टच्या साऱ्या मोहिमा दार्जिलिंगहून तिबेटमार्गे जात. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने तेथे या कामगारांच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात केली, आणि तेनझिंग नोर्गे यांच्या आयुष्याला दिशा मिळाली ती याच शहरात. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग व एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन गिर्यारोहण संस्था सुरू होऊन तेनझिंग तिचे क्षेत्रीय प्रशिक्षणप्रमुख झाले. भारतात गिर्यारोहण हा शिकण्याचा विषय बनला तो येथून. १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाली, आणि महाराष्ट्रातील अनेक आरोहकांनी बर्फावरचे पहिले धडे या दोन संस्थांच्या अभ्यासक्रमांत गिरवले.

हौशी माणसाला पैसे देऊन हिमालयात चालता येईल अशी सुसंघटित व्यवस्था मात्र जिमी रॉबर्ट्स या निवृत्त गुरखा अधिकाऱ्याने उभी केली. भारतात जन्मलेल्या व १९५३ च्या मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्यांची खेप वर पोहोचवणाऱ्या रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्ये काठमांडूला ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था काढली. मोठ्या मोहिमांमध्ये सैनिकी शिस्तीने रचलेली यंत्रणा, म्हणजे सर्वांवर देखरेख करणारा सरदार, स्वयंपाकी, त्याचे मदतनीस आणि भारवाहकांची रांग, त्यांनी लहान प्रमाणात सामान्य प्रवाशासाठी उपलब्ध करून दिली. आजही खुंबूतील मार्गदर्शित मोहिमेचा सांगाडा हाच आहे. तंबूंच्या जागी बहुतेक ठिकाणी लॉज आले, पण कामांची विभागणी आणि अंतिम शब्द सरदाराचा किंवा प्रमुख मार्गदर्शकाचा ही रीत टिकून आहे.

त्याच वर्षी, १९६४ मध्ये, हिलरी यांच्या पुढाकाराने लुकला येथे धावपट्टी तयार झाली. शाळा आणि रुग्णालयांचे बांधकाम-साहित्य आणता यावे हा तिचा मूळ उद्देश होता. खुमजुंगची शाळा १९६१ मध्ये सुरू झालेली होती आणि खुंदेचे रुग्णालय १९६६ मध्ये झाले. सुमारे २,८५० मीटर उंचीवरची, जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीची व डोंगराकडे चढत जाणारी ही पट्टी पुढे पर्यटनाचे मुख्य दार बनली. पूर्वी आरोहक काठमांडू खोऱ्याच्या कडेपासून कित्येक दिवस चालत खुंबूत येत आणि तो लांबचा प्रवासच त्यांचे शरीर हळूहळू तयार करी. विमानाने तो काळ जवळपास एका तासावर आणला. १९७६ मध्ये पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी फेरिचे येथे २७८ पदभ्रमणकारांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के, लोकांना उंचीचा त्रास झालेला आढळला आणि विमानाने लुकलाला आलेल्यांत तो चालत आलेल्यांपेक्षा अधिक होता. वाहतुकीची सोय विकत घेता येते, पण तिच्यामुळे वाचलेले दिवस शरीर माफ करत नाही, याचा हा आकड्यांतला पुरावा आहे.

शरीराचे हे गणित थोडे विस्ताराने समजून घ्यावे लागते. उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते हा समज चुकीचा आहे; ते सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर ७६० मिलिमीटर पारा इतका असलेला हा दाब साडेपाच हजार मीटरच्या आसपास निम्म्यावर येतो आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सुमारे एक तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांना मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर प्रथम श्वासाची गती वाढवते. त्यामुळे कार्बन डायॉक्साइड अधिक बाहेर पडून रक्ताचा आम्ल-अल्कली समतोल बिघडतो, आणि तो सावरण्यासाठी मूत्रपिंडांना काही दिवस काम करावे लागते. रक्तातील तांबड्या पेशी वाढण्यास त्याहूनही अधिक काळ, आठवडे, लागतात. या साऱ्या प्रक्रियेला विरळ हवेचा सराव म्हणतात. तो पूर्ण होण्याआधी उंची वाढवली तर डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा आणि झोपमोड ही लक्षणे दिसतात. त्यांकडे दुर्लक्ष झाले तर फुप्फुसांत पाणी साचणे किंवा मेंदूला सूज येणे या दोन जीवघेण्या अवस्थांपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

या विषयाच्या वैद्यकीय ज्ञानात भारताचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या भारत-चीन युद्धकाळात मैदानी प्रदेशातून हजारो जवानांना अल्पावधीत अतिउंच सीमेवर न्यावे लागले, आणि त्यांच्यावर उपचार करताना मिळालेल्या अनुभवातून इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, जो या क्षेत्रातील पायाभूत अभ्यासांपैकी एक मानला जातो. तंदुरुस्ती या त्रासापासून वाचवू शकत नाही हे त्या तरुण, कसलेल्या जवानांच्या उदाहरणाने ठळक झाले. किंबहुना दमदार माणूस झपाट्याने वर चढतो आणि म्हणूनच अधिक धोक्यात सापडतो, हे मार्गदर्शक वारंवार सांगतात.

खुंबूतील मोहिमेचे वेळापत्रक या ज्ञानावर उभे असते. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा मान्य नियम आहे. लुकलाहून निघालेला आरोहक दूधकोसी नदीकाठी फाकदिंगला मुक्काम करतो, झुलते पूल ओलांडून ३,४४० मीटरवरच्या नामचे बाजारला चढतो आणि तेथे दोन रात्री राहतो. मधल्या दिवशी तो खुमजुंगपर्यंत चढून पुन्हा खाली झोपायला येतो, कारण दिवसा उंच जावे व रात्री खाली झोपावे ही रीत सरावाला उपकारक ठरते. पुढे सुमारे ३,८६० मीटरवरचा तेंगबोचेचा मठ, ४,४१० मीटरवरच्या दिंगबोचेच्या दगडी बांधांतली शेते, तेथे पुन्हा एक जास्तीचा दिवस, मग लोबुचे, गोरकशेप आणि ५,३६४ मीटरवरचा एव्हरेस्ट बेस कॅम्प असा क्रम लागतो. तेथून परतून आरोहक इम्जा खोऱ्यातील छुखुंग गावी येतो, तेव्हा त्याच्या शरीराने सुमारे दहा दिवसांची तयारी केलेली असते. नवख्या माणसाला हे विश्रांतीचे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, आणि वेळापत्रक स्वस्त करण्यासाठी तेच प्रथम कापले जातात. वास्तविक संपूर्ण प्रवासात आरोहकाने स्वतः करायचे सर्वांत मोलाचे काम त्याच दिवसांत घडत असते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे अंतर समजण्यासाठी घरची एक मोजपट्टी उपयोगी पडेल. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे जेथे विमानातून उतरून चालायला सुरुवात होते ते लुकलाच त्याहून १,२०० मीटरनी उंच, आणि नामचे बाजार त्याच्या दुपटीहून वर आहे. सह्याद्रीतील घाटवाटा, कडे आणि गडकिल्ले यांवरची भटकंती पायांना बळ देते, तोल शिकवते, उन्हातान्हात सोबत्याला सांभाळण्याची सवय लावते, आणि या संस्कारांतून महाराष्ट्राने थोर आरोहक घडवले. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या आठ आरोहकांनी तेच शिखर गाठले. परंतु सह्याद्री जे शिकवू शकत नाही ते विरळ हवेत थांबणे, आणि गडाच्या वाटेवर अभिमानाची ठरणारी चपळाई खुंबूत आवरावी लागते.

ओझे सोपवता येते, असे प्रारंभी म्हटले. पण ते ज्याच्याकडे सोपवले जाते त्याचाही श्वास त्याचाच असतो. खुंबूच्या वाटेवर ‘डोको’ नावाच्या विणलेल्या टोपलीत भरलेले सामान कपाळावरून घेतलेल्या नाम्लो नावाच्या पट्ट्याने पेलत, हातातील आखूड टोक्मा काठी विसाव्याच्या वेळी ओझ्याखाली टेकवत चालणारे भरिया, म्हणजे भारवाहक, पुष्कळदा खालच्या डोंगरांतील राई व तामांग गावांतून आलेले असतात. तिबेटी व शेर्पा समाजांत विरळ हवेशी जुळवून घेणारे जनुकीय वैशिष्ट्य पिढ्यान् पिढ्यांच्या वास्तव्याने दृढ झाले आहे हे २०१० पासूनच्या संशोधनातून पुढे आले आहे. खालच्या डोंगरांतून आलेल्या मजुराला असा वारसा लाभेलच असे नाही, आणि तो पाहुण्याइतकाच उंचीला बळी पडू शकतो. फरक एवढाच, की डोके दुखते असे सांगितले तर पाहुण्याची एक सुट्टी वाया जाते आणि भरियाची मजुरी बुडते. म्हणून उबदार कपडे, निवारा, विमा, ओझ्याची मर्यादा आणि आजारी पडल्यास सोबतीने खाली पोहोचवण्याची हमी या गोष्टी दयाबुद्धीच्या नसून मोहिमेच्या रचनेचा भाग मानल्या पाहिजेत, असे प्रस्तुत ग्रंथाचे ठाम प्रतिपादन आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपातात हिमस्खलन होऊन १६ नेपाळी कामगार मरण पावले, तेव्हा इतरांसाठी वाट तयार करणाऱ्यांच्या वाट्याला येणारा धोका जगाला पुन्हा एकदा दिसला.

चढाईचा दिवस या सर्व तयारीची कसोटी घेतो. इम्जा त्सेच्या सुमारे ५,०८० मीटरवरच्या बेस कॅम्पवरून आरोहक मध्यरात्रीनंतर निघतात, कारण थंडीत बर्फ घट्ट असतो आणि दुपारचे वारे सुरू होण्याआधी परतता येते. प्रथम खडकाळ घळीतून चढाई होते. हिमनदीच्या काठाशी बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी दातांचे साचे, बांधले जातात आणि सर्वजण एका दोरात येतात, कारण हिमनदीच्या पृष्ठावर बर्फाखाली झाकलेल्या खोल भेगा असतात व एकाचा पाय आत गेला तर इतरांचे वजन त्याला धरून ठेवते. काही भेगांवर शिडी टाकावी लागते. त्यानंतर शिखरकड्याखालची तीव्र उताराची बर्फभिंत येते, जिच्यावर मार्गदर्शक आधी चढून दोर पक्के करतात. आरोहक कमरेच्या हार्नेसला जोडलेली जुमार ही पकड त्या दोरावर सरकवत चढतो. ती वर सरकते पण खाली घसरत नाही, आणि युसी व मार्टी या तिच्या दोन स्विस निर्मात्यांच्या नावांतून तिचे नाव तयार झाले आहे. माथ्यावर पोहोचल्यावर उत्तरेला ल्होत्सेची प्रचंड दक्षिण भिंत समोर उभी राहते, पूर्वेकडे मकालू आणि नैर्ऋत्येकडे आमा दब्लाम दिसते. एव्हरेस्ट मात्र ल्होत्से-नुप्त्सेच्या भिंतीमागे झाकलेले राहते.

या भिंतीवर मार्गदर्शकाने बांधलेला दोर हा सोपवण्याच्या व्यवहाराचे सर्वांत दृश्य रूप आहे, पण त्याच दोरावर त्याची मर्यादाही दिसते. हातमोजे न काढता जुमार लावणे, गाठीपाशी एक सुरक्षा-कडी आधी अडकवून मगच दुसरी सोडणे, थकलेल्या अवस्थेत दोरावरून नीट उतरणे या कृती आरोहकाला स्वतःच कराव्या लागतात, आणि त्या आदल्या दिवशी बेस कॅम्पवर घोटवून घेतल्या जातात. अपघातांचा मोठा हिस्सा उतरताना घडतो, कारण माथा गाठल्याच्या समाधानात शक्ती आणि सावधपणा दोन्ही ओसरलेले असतात.

यापेक्षाही अवघड प्रश्न परतीच्या निर्णयाचा आहे. माथा गाठला असो वा नसो, अमुक वाजता माघारी फिरायचे, असा नियम चढाईपूर्वी ठरवला जातो, कारण उंचीवर प्राणवायूअभावी विचारशक्ती मंदावते आणि तेथे घेतलेल्या निर्णयावर विसंबता येत नाही. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर दोन व्यावसायिक मोहिमांचे आरोहक दुपार उलटून गेल्यावरही वर चढत राहिले, वादळ आले आणि त्या दुर्घटनेत पर्वतावर आठ जणांचा अंत झाला. मृतांत दोन्ही मोहिमांचे नेते, रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, होते. त्या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले, आणि मोठी रक्कम मोजलेल्या माणसाला ‘आता परत फिरा’ असे सांगणे मार्गदर्शकाला किती जड जाते, हा तिच्यातून उरलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. त्याची दुसरी बाजूही आहे. संकटात उपयोगी पडावी म्हणून आलेली हेलिकॉप्टरची सोय विम्याच्या पैशांसाठी गरज नसताना वापरली जात असल्याच्या प्रकारांची २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली. म्हणजे परत न फिरवणे आणि अकारण परत फिरवणे, हे दोन्ही दोष निर्णयावर पैशाचे सावट पडल्यानेच निर्माण होतात. यावरचा उपाय केवळ नियमांत नाही. नकार ऐकण्याची तयारी आरोहकाने घरून निघतानाच करावी लागते.

पर्वत स्वतःही स्थिर नाही, ही बाब अलीकडच्या दशकांत अधिक ठळक झाली आहे. इम्जा त्सेच्या पायथ्याशी १९५० च्या दशकात वितळलेल्या पाण्याची केवळ काही लहान डबकी होती. हिमनदी आक्रसत गेली तशी ती एकत्र होऊन इम्जा त्शो हा दोन किलोमीटरहून लांब तलाव तयार झाला. दगडमातीच्या सैल बांधामागे साठलेला असा तलाव फुटला तर काय होते याचा अनुभव खुंबूने ४ ऑगस्ट १९८५ रोजी घेतला होता, जेव्हा दिग त्शो तलाव फुटून नामचेजवळचा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला. म्हणून २०१६ मध्ये नेपाळी सैन्याच्या श्रमांतून इम्जा त्शोची पातळी सुमारे साडेतीन मीटरनी उतरवण्यात आली. हिमनदीवरच्या भेगा, शिड्यांच्या जागा आणि बर्फभिंतीची वाट वर्षागणिक बदलते, त्यामुळे छापील वर्णनापेक्षा त्या हंगामात तेथे जाऊन आलेल्या मार्गदर्शकाची माहिती अधिक विश्वसनीय ठरते. त्याचे ज्ञान मोलाचे असण्याचे हे एक ठोस कारण आहे. ते दर हंगामात पायांनी पुन्हा मिळवलेले असते.

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९७९ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरलेल्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानातून ही वाट जाते, आणि ती वसलेल्या गावांमधून जाते हे विसरता येत नाही. मंत्र कोरलेल्या मणी-भिंती आणि चोर्तेन (बौद्ध स्तूप) उजव्या हाताला ठेवून पुढे जाण्याची रीत, चढाईपूर्वी लामाकडून होणारी पूजा, तिच्यात धूप देऊन आणि क्रॅम्पॉन व बर्फकुऱ्हाडी वेदीपाशी ठेवून पर्वताची मागितलेली क्षमा, या गोष्टींना बाहेरचा माणूस कधीकधी शोभेचा भाग समजतो. त्यांत तेथील माणसाचे पर्वताशी असलेले नाते व्यक्त होते. तेथे शिखर हे देवतांचे स्थान आहे आणि त्यावर पाय ठेवणे ही अनुमती मागून करायची गोष्ट आहे. वारीत माळकऱ्याने पायाखालच्या वाटेलाही नमस्कार करावा, त्या भावनेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे समजायला कष्ट पडू नयेत.

पुढील प्रकरणांत या प्रदेशाचा भूगोल, शेर्पा समाजाचा इतिहास, उंचीचे शरीरशास्त्र, चढाईचे तंत्र, कामगारांचे हक्क आणि पर्यावरण यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे, आणि वाचकाने त्या सर्वांकडे एका प्रश्नाच्या उजेडात पाहावे अशी अपेक्षा आहे : मोहिमेतील कोणती गोष्ट कोणाच्या हवाली केली आहे, आणि कोणती कोणाच्याही हवाली करता येत नाही? नामचेच्या एखाद्या लॉजमध्ये रात्रीच्या जेवणानंतर मार्गदर्शक प्रत्येकाजवळ जाऊन ‘डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का’ असे विचारतो, तेव्हा हा प्रश्न अगदी साध्या रूपात उभा असतो. वाट, दोर, शिधा आणि अनुभव घेऊन तो आलेला असतो. त्याच्याजवळ नसते ती एवढीच माहिती, आणि ती फक्त समोरचा माणूस देऊ शकतो. त्या उत्तरात खरेपणा असेल तर पुढच्या दहा दिवसांचे सर्व नियोजन सार्थ ठरते, आणि तो नसेल तर उत्तम सरदार, उत्तम दोर आणि उत्तम हवामान यांचाही उपयोग होत नाही.